आत वाढवलेली प्लेट बाहेर का दिसत नाही: पायथनमधल्या आतल्या फंक्शनांचा स्कोप, पहिल्यापासून

इंदूरच्या 'छप्पन दुकान' या खाऊगल्लीतल्या एखाद्या पोहेवाल्यासाठी प्लेटा मोजणारा छोटा प्रोग्राम लिहायचा आहे, असं धरा. दुकान उघडलं की मोजणी शून्यावर, प्लेट विकली की एकाने वाढ. महिनाभर पायथन शिकलेला माणूस तो साधारण असा लिहितो:

```
डेफ दुकान():
    प्लेट = ०
    डेफ विका():
        प्लेट = प्लेट + १
        रिटर्न प्लेट
    रिटर्न विका

गल्ला = दुकान()
प्रिंट(गल्ला())
```

वाचताना यात काहीच खटकत नाही. बाहेर `प्लेट` आहे, आत ती एकाने वाढवली आहे. पण चालवलं की भवानीच्या प्लेटलाच प्रोग्राम आडवा होतो आणि अनबाउंडलोकलएरर येते. पायथन ३.११ पासून पुढे तिचा मजकूर 'कॅनॉट ॲक्सेस लोकल व्हेरिएबल' असा सुरू होतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत 'लोकल व्हेरिएबल रेफरन्स्ड बिफोर असाइनमेंट' असा होता. दोन्हींचा अर्थ एकच: `विका`ची स्वतःची `प्लेट` अजून भरलेलीच नाही आणि तुम्ही ती वाचायला निघालात.

टाइप करण्याआधी

इथला सगळा कोड देवनागरीत छापला आहे, पण तो तसाच्या तसा चालणार नाही. डेफ, रिटर्न, फॉर, इन, क्लास, नॉनलोकल, ग्लोबल हे पायथनचे राखीव शब्द आहेत. ते आणि प्रिंट, अपेंड, सेल्फ यांसारखी ठरलेली नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा (फक्त फॉल्स, ट्रू, नन यांचं पहिलं अक्षर मोठं). आकडेही इंग्रजी कीबोर्डवरूनच. आपण ठेवलेली नावं, म्हणजे `दुकान`, `प्लेट`, `गल्ला`, मात्र देवनागरीतच राहू द्या. पायथन ३ ला ती चालतात.

देवनागरी नावांत दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं आकड्यांचं: नावाच्या शेवटी देवनागरी दोन लावला काय किंवा इंग्रजी दोन लावला काय, डोळ्यांना सारखंच वाटेल, पण पायथनच्या लेखी ती दोन वेगळी नावं होतात. (अवतरणातला "३०" हा मजकूर इंट फंक्शनला दिला तर तो निमूटपणे तीस हा आकडा देतो, ही त्यातली सोय.) दुसरं खास मराठी दुखणं म्हणजे 'दुसऱ्या'मधला अर्धा र. काही कीबोर्ड तो साध्या र पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून तयार करतात. ते चिन्ह पायथनला नावात चालत नाही. सिंटॅक्सएरर येते आणि पडद्यावर तर सगळं ठीक दिसत असतं. अशी नावं टाळलेलीच बरी.

एक चूक ओरडते, दुसरी गप्प बसते

वरचा प्रोग्राम निदान एरर तरी देतो. आता हा चालवून बघा:

```
डेफ दुकान():
    भाव = ३०
    डेफ भाव_वाढवा():
        भाव = ३५
    भाव_वाढवा()
    रिटर्न भाव

प्रिंट(दुकान())
```

उत्तर ३०. एरर नाही, इशारा नाही. `भाव_वाढवा` खरोखर चाललं, त्यात `भाव` खरोखर ३५ झाला, आणि फंक्शन संपताच तो ३५ विरून गेला. बाहेरचा `भाव` जागचा हललाच नाही. ओरडणारी चूक पाच मिनिटांत सापडते. ही दुसरी महिनाअखेरीला, हिशेब जुळेना तेव्हा.

दोन्हींचं मूळ एकच आहे. पायथन फंक्शन चालवण्याआधी ते पूर्ण वाचून काढतो आणि त्यातलं प्रत्येक नाव कोणाच्या मालकीचं, म्हणजे त्याचा स्कोप कोणता, हे त्याच वेळी ठरवून टाकतो. नियम कोरडा आहे: फंक्शनमध्ये कुठेही एखाद्या नावाला काही दिलं असेल, तर ते नाव त्या फंक्शनचं स्वतःचं, आणि तेही पूर्ण फंक्शनभर, पहिल्या ओळीपासून. `विका`त `प्लेट = ` असं दिसलं, म्हणजे `प्लेट` त्याची झाली. मग उजव्या बाजूची `प्लेट + १` वाचताना पायथन बाहेर डोकावतच नाही. स्वतःच्या `प्लेट`कडे बघतो आणि ती रिकामी सापडते.

हे ओळींच्या क्रमावर अवलंबून नाही, हे एकदा स्वतः तपासून घ्या:

```
डेफ दुकान():
    प्लेट = ७
    डेफ दाखव():
        प्रिंट(प्लेट)
        इफ फॉल्स:
            प्लेट = ०
    दाखव()

दुकान()
```

`इफ फॉल्स` खालची ओळ जन्मात कधी चालणार नाही. तरीही `प्रिंट(प्लेट)`वर अनबाउंडलोकलएरर येते. शेवटच्या दोन ओळी, म्हणजे `इफ` आणि तिच्या आतली, खोडा; लगेच ७ छापलं जाईल. खालची ओळ वरची ओळ मोडू शकते, हे पचायला वेळ लागतो, पण यात मुरलात की अर्धं काम झालं.

'नावाला काही देणं' यात फक्त बरोबरचं चिन्ह येत नाही. `+=` आणि त्याचे भाऊबंद, `फॉर`च्या पुढचं नाव, `इम्पोर्ट` केलेलं नाव, `विथ` किंवा `एक्सेप्ट` यांच्या ओळीत `ॲज` नंतर येणारं नाव, आतलं `डेफ` किंवा `क्लास`, `:=` हे चिन्ह, आणि चक्क `डेल` सुद्धा. फंक्शनचे पॅरामीटर तर त्याचे असतातच. यांपैकी काहीही दिसलं की नाव आतलं झालं.

आणि नावाला आत काहीच दिलं नसेल तर? मग शोध बाहेर निघतो. पोह्यांवर भुरभुरायला जीरावण मसाला लागतो तसं: आधी आपल्या ओट्यावर बघायचं, मग आत दुकानात, मग बाजारात. पायथनचे टप्पे चार आहेत. स्वतःचं फंक्शन; त्याला गुंडाळणारी फंक्शनं, आतून बाहेर अशा क्रमाने; मग फाइलचा सगळ्यात वरचा थर; आणि शेवटी पायथनची अंगभूत नावं, जसं `प्रिंट`, `लेन`, `सम`. म्हणून बाहेरचं नाव नुसतं वाचायला सहसा अडचण येत नाही. अडचण फक्त लिहिताना.

हाच नियम अंगभूत नावांनाही लागतो. फंक्शनच्या वरच्या ओळीत `सम(यादी)` वापरलं आणि खाली कुठेतरी `सम = ०` असं लिहिलं, तर वरच्या ओळीतलं पायथनचं `सम`ही हातचं जातं, आणि तीच एरर येते. नवशिक्या मग पायथनच नीट बसला नाही म्हणून पुन्हा इन्स्टॉल करत बसतो.

नॉनलोकल

इलाज एका ओळीचा आहे:

```
डेफ दुकान():
    प्लेट = ०
    डेफ विका():
        नॉनलोकल प्लेट
        प्लेट = प्लेट + १
        रिटर्न प्लेट
    रिटर्न विका

सराफा = दुकान()
छप्पन = दुकान()
प्रिंट(सराफा(), सराफा(), छप्पन())
```

१ २ १ छापलं जाईल. `नॉनलोकल प्लेट` म्हणजे: हे नाव माझं नाही, मला गुंडाळणाऱ्या सगळ्यात जवळच्या ज्या फंक्शनमध्ये ते आहे, त्याचं आहे, लिहायचं तर तिथेच लिही.

छापलेल्या आकड्यांतला तिसरा १ महत्त्वाचा. `दुकान` दर वेळी चालवलं की नवीन `प्लेट` जन्माला येते. इंदूरच्या सराफा बाजारातल्या रात्रीच्या गाड्याची मोजणी छप्पनच्या मोजणीत मिसळत नाही. उलट एकाच `दुकान`च्या आत `विका` आणि `परत_घ्या` अशी दोन फंक्शनं लिहून दोघांत `नॉनलोकल प्लेट` घातलं, तर दोघं एकाच मोजणीवर काम करतील. असं आतलं फंक्शन आणि त्याने धरून ठेवलेली बाहेरची नावं, दोन्ही मिळून क्लोजर.

नॉनलोकलचे स्वतःचे काही नियम आहेत. ते मोडले तर प्रोग्राम सुरूच होत नाही, सिंटॅक्सएरर येते. ही जमेची बाजू, कारण चूक लगेच कळते. गुंडाळणाऱ्या कुठल्याच फंक्शनमध्ये ते नाव नसेल तर 'नो बाइंडिंग फॉर नॉनलोकल'. फाइलच्या सगळ्यात वरच्या थरावर नॉनलोकल लिहिता येत नाही. वरच्या थरावरच्या नावालाही ते लागू होत नाही. तिथे `ग्लोबल` लागतं. ओळ नावाच्या पहिल्या वापराआधी असायला हवी, म्हणून ती फंक्शनच्या अगदी वर ठेवायची सवय लावा. आणि फंक्शनच्या स्वतःच्या पॅरामीटरला नॉनलोकल म्हणता येत नाही.

जुन्या कोडमध्ये `प्लेट = [०]` आणि आत `प्लेट[०] += १` असं दिसेल. त्याला कारण आहे. आतल्या फंक्शनला बाहेरचं नाव वाचता येणं २००१ साली आलं, आवृत्ती २.१ मध्ये मागून घ्यावं लागे आणि २.२ पासून आपोआप मिळू लागलं. लिहिता येण्यासाठी नॉनलोकल मात्र २००८ अखेरच्या ३.० मध्ये आलं. मधल्या सात वर्षांत लोकांनी एका खणाची यादी वापरून वेळ मारून नेली. आज नवीन कोडमध्ये तसं लिहू नका.

ग्लोबल लावून 'सुटलेला' प्रश्न

एरर आली की अनेक जण नॉनलोकलऐवजी `ग्लोबल प्लेट` लिहितात. ते मधल्या `दुकान`च्या डोक्यावरून थेट वरच्या थरावर जातं. तिथे `प्लेट` नाही, म्हणून नेमएरर येते. मग माणूस फाइलच्या वर `प्लेट = ०` लिहितो आणि सगळं चालायला लागतं.

चालतं, पण आता सराफा आणि छप्पन यांची मोजणी एकच झाली. वरचाच प्रयोग केला तर १ २ ३ येईल. एकच दुकान असेपर्यंत फरक कळत नाही, म्हणून हा कोड तपासणीत पास होतो. `दुकान`च्या आतली `प्लेट = ०` ही ओळही जागेवरच असते, कोणी तिला हात लावत नाही, आणि वाचणाऱ्याला वाटतं की मोजणी तीच आहे. आतल्या फंक्शनमध्ये `ग्लोबल` दिसलं की ते बदलून नॉनलोकल चालतं का, हे आधी बघा.

यादीचा घोळ

```
डेफ दुकान():
    ऑर्डर = []
    डेफ घ्या(पदार्थ):
        ऑर्डर.अपेंड(पदार्थ)
        रिटर्न ऑर्डर
    रिटर्न घ्या
```

हे नॉनलोकलशिवाय बिनबोभाट चालतं. आता `अपेंड`ची ओळ काढून `ऑर्डर += [पदार्थ]` लिहा. काम तेच, पण अनबाउंडलोकलएरर! `अपेंड` करताना `ऑर्डर` हे नाव फक्त वाचलं जातं आणि त्या यादीत भर पडते. `+=` मध्ये नावालाच पुन्हा काहीतरी दिलं जातं, म्हणून नाव आतलं होतं. यादीत निदान एक पदार्थ आधीच असेल तर `ऑर्डर[०] = पदार्थ` हेही चालेल, कारण तिथे यादीचा खण बदलतो, नाव नाही. डिक्शनरीचं तसंच: खण भरा, काही होणार नाही, डिक्शनरीच नवी द्यायची असेल तर नॉनलोकल.

तीन बटणं, तिन्हींवर कचोरी

आता या विषयातला सगळ्यात छळवादी प्रकार. तीन पदार्थांची तीन बटणं करायची आहेत:

```
डेफ बटणं_बनवा():
    बटणं = []
    फॉर पदार्थ इन ["पोहे", "जिलबी", "कचोरी"]:
        डेफ दाबा():
            रिटर्न पदार्थ
        बटणं.अपेंड(दाबा)
    रिटर्न बटणं

फॉर बटण इन बटणं_बनवा():
    प्रिंट(बटण())
```

कचोरी, कचोरी, कचोरी. `डेफ`ऐवजी लॅम्डा, म्हणजे एका ओळीतलं बिननावाचं फंक्शन, वापरलंत तरी हेच.

नाव कोणाचं हे वाचतानाच ठरतं, पण त्यात काय आहे हे फंक्शन चालवताना बघितलं जातं. क्लोजर किंमत उचलून ठेवत नाही. ज्या डबीत किंमत असते ती डबीच धरून ठेवतं. `फॉर` दर फेरीला नवीन डबी देत नाही, त्याच एका `पदार्थ`मधला माल बदलतो. तीनही `दाबा` त्याच डबीला धरून बसलेले, आणि आपण बटण दाबतो तोवर फेऱ्या संपून डबीत कचोरी उरलेली. फेरी चालू असतानाच `दाबा()` बोलावून तपासलं तर प्रत्येक वेळी बरोबर उत्तर मिळतं. त्यामुळेच ही चूक निसटते: तपासताना लगेच बोलावलं जातं, खऱ्या वापरात नंतर.

नवी डबी हवी असेल तर नवीन फंक्शन चालवावं लागतं. म्हणून आमच्या मते सरळ इलाज हा:

```
डेफ एक_बटण(पदार्थ):
    डेफ दाबा():
        रिटर्न पदार्थ
    रिटर्न दाबा
```

आणि फेरीत `बटणं.अपेंड(एक_बटण(पदार्थ))`. `एक_बटण` तीनदा चालतं, तीन डब्या होतात. दोन ओळी जास्त जातात, पण वाचणाऱ्याला कोडं पडत नाही.

इंटरनेटवर जास्त दिसणारा इलाज दुसरा आहे: `डेफ दाबा(पदार्थ=पदार्थ):`. पॅरामीटरची आयती किंमत `डेफ`ची ओळ चालते त्याच क्षणी ठरते, म्हणून त्या फेरीचा पदार्थ पक्का होतो. हे चालतं, पण आता `दाबा`ला एक पॅरामीटर आला, आणि बाहेरून कोणी काही दिलं तर ते पदार्थाच्या जागी बसतं. टीकेइंटर या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीत बटणाच्या `कमांड`ला दिलेलं फंक्शन रिकाम्या हाताने बोलावलं जातं, म्हणून तिथे निभावतं. `बाइंड`ला दिलेल्या फंक्शनला मात्र घटनेची माहिती पाठवली जाते. ती `पदार्थ`मध्ये शिरते आणि पोह्यांऐवजी भलतंच काहीतरी छापलं जातं. पायक्यूटी या तशाच दुसऱ्या लायब्ररीत बटण दाबल्याचा सिग्नल `फॉल्स` पाठवतो, आणि पदार्थाचं नाव 'फॉल्स' होतं. हाच मार्ग हवा असेल तर कंसात आधी एक तारा घाला: `डेफ दाबा(*, पदार्थ=पदार्थ):`. मग चुकून आलेली किंमत आत न घुसता टाइपएरर देईल. तिसरा मार्ग पायथनसोबतच येणाऱ्या फंकटूल्स मॉड्यूलमधलं `पार्शल`. तयार फंक्शनमध्ये किंमत भरून द्यायची असेल तेव्हा ते नीटनेटकं पडतं.

डबी धरून ठेवण्याचा फायदाही आहे. आतलं फंक्शन आधी लिहून त्याला लागणारं बाहेरचं नाव नंतर भरता येतं, आणि दोन आतली फंक्शनं एकमेकांना बोलावू शकतात. फक्त नाव भरण्याआधी फंक्शन बोलावलं तर नेमएरर येते. तिच्या मजकुरात लोकलऐवजी 'फ्री व्हेरिएबल' असे शब्द असतात. ते दिसले की समजावं, डबी आहे पण रिकामी. `एक्सेप्ट` ओळीत `ॲज` लावून पकडलेली एरर आतल्या फंक्शनने नंतर वाचायची ठरवली तरी हेच घडतं, कारण तो भाग संपताच पायथन ते नाव पुसून टाकतो. ती पुढे लागणार असेल तर दुसऱ्या नावात ठेवा.

क्लास हा गुंडाळणारा थर नाही

```
क्लास ठेला:
    भाव = ३०
    डेफ बिल(सेल्फ, नग):
        रिटर्न भाव * नग
```

`ठेला().बिल(२)` केलं तर नेमएरर. क्लासच्या पोटात लिहिलेली नावं त्यातल्या फंक्शनांना नुसत्या नावाने दिसत नाहीत. शोध क्लासला वगळून पुढे जातो. `सेल्फ.भाव` लिहा. याहून वाईट म्हणजे फाइलच्या वरच्या थरावर योगायोगाने दुसरा `भाव` असेल, तर एररही येणार नाही आणि बिल त्या भावाने निघेल.

नाव कोणाचं, हे पायथनलाच विचारा

अंदाज बांधत बसण्यापेक्षा तपासणं सोपं. नॉनलोकलचा प्रोग्राम चालवून खाली हे लिहा:

```
प्रिंट(सराफा.__कोड__.को_वारनेम्स)
प्रिंट(सराफा.__कोड__.को_फ्रीवार्स)
प्रिंट(सराफा.__क्लोजर__[०].सेल_कंटेंट्स)
```

ही सगळी पायथनची ठरलेली नावं, म्हणून रोमनमध्ये: `कोड` आणि `क्लोजर` यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर, आणि 'को' म्हणजे सी आणि ओ ही दोन अक्षरं. पहिल्या ओळीत फंक्शनची स्वतःची नावं येतात, दुसरीत बाहेरून धरलेली, तिसरीत डबीतला आत्ताचा माल. नॉनलोकल असताना पहिली ओळ रिकामी आणि दुसरीत `प्लेट`. सराफ्याच्या दोन प्लेटा विकून झाल्या असतील तर तिसरीत २.

आता नॉनलोकलची ओळ काढा. `सराफा()` बोलावणारी प्रिंटची ओळही काढा, नाहीतर प्रोग्राम तिथेच थांबेल. `प्लेट` दुसऱ्या ओळीतून पहिल्या ओळीत आलेली दिसेल, आणि तिसऱ्या ओळीवर टाइपएरर येईल, कारण धरायला काहीच नसल्यामुळे `क्लोजर`मध्ये नन असतो. फंक्शन एकदाही न चालवता हे सगळं दिसतं. मालकी आधीच ठरते याचा याहून ठळक पुरावा नाही. बटणांच्या उदाहरणात खाली `बटणं = बटणं_बनवा()` लिहून `बटणं[०]` आणि `बटणं[१]` यांच्या `क्लोजर`चा पहिला खण `इज` लावून ताडून बघा, ट्रू येईल: डबी एकच.

एक सावधगिरी. `फॉर`ची फेरी फंक्शनमध्ये नसून थेट फाइलच्या वरच्या थरावर असेल तर `को_फ्रीवार्स` रिकामं येतं, कारण `पदार्थ` तेव्हा ग्लोबल असतो. तीन कचोऱ्या मात्र तिथेही येतात, आणि इलाजही तेच.

किती नॉनलोकल झाले म्हणजे पुरे

एक मोजणी, फार तर दोन नावं, इथपर्यंत क्लोजर छान. आतल्या तीन फंक्शनांत मिळून चार-पाच नॉनलोकल दिसायला लागले की क्लास लिहा. `सेल्फ.प्लेट += १` मध्ये मालक कोण हे प्रत्येक ओळीत लिहिलेलं असतं, आणि बाहेरून मोजणी वाचायला वेगळं फंक्शन लागत नाही. काही वेळा तर दोन्ही नको असतात: आतल्या फंक्शनने नवीन भाव `रिटर्न` करावा आणि बाहेरच्याने `भाव = भाव_वाढवा(भाव)` असं लिहावं. लपूनछपून काही बदलत नाही, आणि तपासायलाही सोपं.

दुसऱ्या भाषेतून आला असाल तर

जावास्क्रिप्टवाल्यांना हा धक्का सगळ्यात मोठा, कारण तिथला नियम उलटा आहे. आत नुसतं `प्लेट = प्लेट + १` लिहिलं तर बाहेरचीच `प्लेट` बदलते; आतली नवी हवी असेल तर `लेट` लिहून मागावी लागते. बटणांचा घोळ तिथेही `वार` वापरलं की होतो, पण २०१५ साली आलेलं `लेट` हे `फॉर`च्या कंसात लिहिलं तर दर फेरीला नवी डबी मिळते. लुआमध्येही आतून बाहेरचं `लोकल` नाव थेट बदलतं, पण `लोकल` लिहायला विसरलात तर नाव सरळ ग्लोबल होतं. पीएचपीत (बाणाचं छोटं रूप सोडलं तर) नाव नसलेल्या फंक्शनला बाहेरची नावं `यूज`मध्ये मोजून द्यावी लागतात, आणि बाहेर बदल व्हायला हवा असेल तर नावाआधी अँपरसँडचं चिन्ह.

बॅशचं गणितच वेगळं: तिथे एका फंक्शनचं `लोकल` नाव त्याने बोलावलेल्या फंक्शनलाही दिसतं, मग ते फाइलमध्ये कुठेही लिहिलेलं असो. आणि फाइलमधल्या ओळी पाइपने `व्हाइल रीड`कडे पाठवून मोजल्या तर फेरी संपल्यावर मोजणी पुन्हा शून्य दिसते, कारण पाइपनंतरची फेरी वेगळ्या सबशेलमध्ये चालते आणि तिथली वाढ तिथेच राहते. पाइप काढून फेरीच्या शेवटी, `डन` नंतर, लहान-पेक्षा चिन्ह लावून फाइलचं नाव द्या, मोजणी टिकते.